एकट्यानं चुकायचं नाही

बँडचा नियम एकच होता आणि तो लिहून ठेवायची गरज कधी पडली नव्हती. कुणी एक चुकला, की बाकीच्यांनी त्याच्याबरोबर चुकायचं. गाणारा मधलं कडवं विसरून पुढच्या कडव्यावर गेला, तर बेसने निमूट त्याच्यामागे जायचं, ड्रमनेही जायचं. मागे राहून खरं गाणं वाजवत बसण्याचा शहाणपणा करायचा नाही. तिघं मिळून चुकले की ऐकणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. त्याला वाटतं, गाणंच असं आहे.

नियम दादाचा होता. दादा गायचा आणि गिटार वाजवायचा. ड्रमवर त्याची धाकटी बहीण, पंचविशी उलटली तरी सगळे तिला छोटीच म्हणत. बेसवर लंबू. दाराच्या चौकटीवर कपाळ आपटल्याशिवाय हा माणूस कुठल्या खोलीत शिरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आईवडिलांच्या मागे या भावाबहिणीला मामाने वाढवलं होतं. मामाची लाँड्री होती. दादा व्हॅन घेऊन हॉटेलांत, दवाखान्यांत, घरोघरी धुतलेले कपडे पोचवायचा आणि छोटी इस्त्रीच्या टेबलावर उभी असायची. संध्याकाळी मशिनं थांबली की मागच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये तालीम चाले. गठ्ठे आवाज गिळून टाकत, त्यामुळे शेजारी बोंब मारत नसत. गाण्याविषयी मामाचं मत एवढंच होतं, की पांढऱ्या कपड्यांवर चहा सांडू नये.

पहिला कार्यक्रम एका कारखान्याच्या जेवणघरात झाला. छोटी नुकतीच शाळेतून बाहेर पडली होती. ती इतकी घाबरली होती, की गाणं सुरू होताच ती एक ठोका आधीच आत शिरली. आता संपलं, असं तिला वाटलं. पण दादाने क्षणभरही न अडखळता गिटार तिच्या चुकलेल्या ठोक्यावर आणून ठेवली. मागोमाग लंबू आला, आणि गाणं जणू तसंच ठरलेलं असल्यासारखं पुढे निघालं. कामगारांनी जेवता जेवता टाळ्या वाजवल्या. नंतर ती भांड्यांच्या मोरीपाशी रडत उभी होती, तेव्हा दादा तिथे आला आणि म्हणाला, "रडतेस काय? एकट्यानं चुकायचं नाही, एवढंच लक्षात ठेव. चुकायचं तर सगळ्यांनी."

छोटीने ते जन्मभरासाठी लक्षात ठेवलं. दादाने आपल्याला एकटं पडू दिलं नाही, ही गोष्ट तिच्या मनात इतकी खोल बसली, की पुढे तीच तिच्या गळ्याशी आली.

मग दौरे सुरू झाले. दौरे हा शब्द फार मोठा आहे. मामाची लाँड्रीची व्हॅन, तिचं मागचं दार दोरीने बांधलेलं, आत खळीचा आणि गरम कपड्यांचा वास, आणि ड्रमवर टेकून झोपलेला लंबू, म्हणजे दौरा. गावाबाहेर मामा स्वतः चालवायचा, कारण व्हॅनवर त्याचा जीव होता आणि लांबच्या रस्त्यावर दादाच्या ब्रेकवर भरवसा नव्हता. पुढे पुढे आवाजाचं टेबलही तोच सांभाळू लागला. दोन बटणं त्याने ओळखून ठेवली होती, एक मोठा करायचं आणि एक बंद करायचं. कधी ते मोटारींच्या शोरूममागच्या अंगणात वाजवायचे, कधी हॉटेलच्या हॉलमध्ये, लोक पाठ करून जेवत असताना. एका महोत्सवात त्यांना छोटा मंच मिळाला तो नेमका स्वच्छतागृहांच्या रांगेसमोर. लंबू म्हणाला, "चला, आपले श्रोते तरी कुठे जाणार नाहीत." रांगेतले लोक माना हलवत होते. गाण्याने की घाईने, ते देव जाणे.

पण ती मजा होती. कार्यक्रम संपला की कुठल्यातरी पेट्रोल पंपापाशी पाव आणि उकडलेली अंडी खात दादा सांगायचा, आज कुठे जमलं आणि कुठे लोकांच्या अंगावर काटा आला. कुणाच्या चुकीचा उल्लेख मात्र तो कधीच करत नसे. चूक झालीच नव्हती ना.

ड्रमवाल्याला बँड मागून दिसतो. इतकी वर्षं झाली, पण मंचावर छोटीने दादाचा चेहरा कधी पाहिला नव्हता. तिला त्याची पाठ पाठ होती. खांदा वर गेला की वरचा सूर, कोपर आत आलं की आता हळू. सगळ्यात पक्की खूण होती उजव्या टाचेची. गाणं वळायच्या आधी दादाची उजवी टाच जमिनीवरून उचलली जायची. ती उचलली, की छोटीने तयार व्हायचं. डोळे मिटून वाजवणारे ड्रमर असतात म्हणे. छोटीचे डोळे मात्र कायम त्या टाचेवर असत.

त्या मोसमात टाच उशिरा उचलली जाऊ लागली, आणि मग काही गाण्यांत उचललीच जाईना.

त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं होतं 'वाफ'. लाँड्रीतच जुळलेलं, दादाने रचलेलं. एका दुपारी, एका कॉलेजच्या मैदानावर, त्याचं दुसरं कडवं दादाने गाळलं. छोटी आणि लंबू नियमाप्रमाणे मागे गेले. पुढच्या गावी पुन्हा तेच. मग त्या गाण्याला दुसरं कडवं उरलंच नाही. काही दिवसांनी दादाच्या बोटांतून तारा छेडायचं पिक निसटलं. गिटार थांबली, म्हणून बेस थांबला, म्हणून ड्रम थांबला. सगळं मैदान चिडीचूप. दादाने वाकून पिक उचललं आणि गाणं पुढे सुरू झालं. लोकांना ती शांतता इतकी आवडली, की टाळ्या थांबेनात. त्यानंतर पिक जवळजवळ रोज पडू लागलं, आणि तिघं रोज थांबू लागले. एका वर्तमानपत्रातल्या विद्वानाने लिहिलं, की या बँडचं खरं संगीत त्यांच्या थांबण्यात आहे. लंबूने ते कात्रण व्हॅनच्या आरशाखाली चिकटवलं. मामाने विचारलं, "म्हणजे वाजवत नाहीत तेव्हा चांगले वाटतात, असंच ना?" सगळे खो खो हसले. दादा सगळ्यात जास्त हसला, आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून त्याचा चहा हनुवटीवर ओघळला. छोटीने रुमाल पुढे केला. तेवढ्यावरच ते मिटलं.

त्या कात्रणामुळेच म्हणा, मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. मोठा मंच, भर दुपारची वेळ. नव्या बँडला दुपारच मिळते, संध्याकाळ नावाजलेल्यांची. पण मंच मोठा होता, आणि ज्याच्यावर उभं राहायचं स्वप्न दादाने कपड्यांचे गठ्ठे उचलता उचलता पाहिलं होतं, तोच होता.

लाँड्रीतही काहीतरी बिनसलं होतं. दादा दवाखान्याच्या चादरी हॉटेलात देऊन यायचा. मामा दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन अदलाबदल करायचा. "पोराच्या डोक्यात महोत्सव आहे," तो म्हणायचा, "चालायचंच." घरात सगळ्यांना सांभाळून घ्यायची सवयच लागली होती, आणि चांगल्या सवयींकडे कुणी संशयाने बघत नाही.

महोत्सवाच्या सकाळी छोटीने मंचावर घालायचे बूट पुसायला घेतले. दादाच्या डाव्या बुटाला काही झालं नव्हतं. उजव्याचा पुढचा भाग मात्र घासून पांढरा पडला होता, तळ टोकाशी उघडा पडला होता. ती बूट हातात घेऊन बराच वेळ बसली. हा माणूस पाय उचलतच नाहीये, ओढतोय. किती दिवस ओढतोय? टाच दिसत नव्हती, कारण टाच उचलली जातच नव्हती. आणि ती मात्र टाचेविना चालवून घ्यायला शिकली होती.

ती आधी लंबूकडे गेली. तो तारा पुसत होता. "थकलाय गं तो," लंबू म्हणाला, पण त्याने वर पाहिलं नाही. "आजचा दिवस जाऊ दे. उद्या आपण त्याला डॉक्टरकडे नेऊ, मी स्वतः उचलून नेतो." मामाही तेच म्हणाला. तेव्हा ती सरळ दादाकडेच गेली.

"दादा, तुला बरं नाहीये. तू गाण्यात चुकतोयस."

दादा चकित झाला. त्यात ढोंग नव्हतं, तेच वाईट होतं. "मी? कुठे चुकतोय? एक जागा सांग."

"'वाफ'चं दुसरं कडवं. तू ते गातच नाहीस."

"दुसरं कडवं? अगं, तिथे सरळ शेवटावरच जातो ना आपण. तूही जातेस, लंबूही जातो." त्याने तिच्या डोक्यावर टपली मारायला हात उचलला. हात अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. "घाबरलीस होय? तुझं नेहमीचंच आहे. चल, मी आहे ना."

तो खोटं बोलत नव्हता. आपण चुकलो हे त्याच्या कानांना कधी कळलंच नव्हतं, कारण तो चुकला की सारं जग त्याच्याबरोबर वळत होतं. त्याच्या प्रत्येक चुकीवर या दोघांनी प्रेमाने पांघरूण घातलं होतं, आणि त्या पांघरुणाखाली त्याला काय होत होतं ते कुणी पाहिलं नव्हतं. तोंडाने सांगून त्याला पटणार नव्हतं. त्याला ऐकू यायला हवं होतं. ऐकवणं एकाच माणसाच्या हातात होतं, आणि तो माणूस मोरीपाशी रडत होता तेव्हा दादाने त्याला एकटं न पडू देण्याचं वचन दिलं होतं.

मैदान भरलेलं होतं. पहिली गाणी कशीबशी पार पडली. दोनदा पिक पडलं, दोनदा तिघं थांबले, आणि कात्रण वाचून आलेल्या लोकांनी त्या शांततेचंही कौतुक केलं. मग 'वाफ' सुरू झालं. पहिलं कडवं संपलं, आणि दादाने दुसरं सोडून शेवटाकडे उडी घेतली.

छोटी गेली नाही.

तिने ताल सरळ ठेवला, दुसऱ्या कडव्याचा, जसा तो मागच्या खोलीत बसवला होता तसा. लंबू सवयीने दादामागे निघाला होता. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, त्याची बोटं गोंधळली, आणि बेस मध्येच कुठेतरी लोंबकळत राहिला. गाणं फाटलं. इतका कर्कश गोंगाट त्या तिघांनी आजवर कधी केला नव्हता. पुढच्या रांगांतून कुणीतरी हसलं, मागून शिट्ट्या आल्या. छोटीने ताल सोडला नाही. दादा एकटा पडला होता, हजारो लोकांदेखत, आणि त्याला तिनेच एकटं पाडलं होतं.

त्याची गिटार थांबली. तो मागे वळला. मंचावर पहिल्यांदाच.

छोटीला त्याचा चेहरा दिसला. तो तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता, काय गं हे, अशा अर्थाने. पण हसू फक्त डाव्या बाजूला आलं होतं. उजवी बाजू तशीच खाली लोंबत होती, त्या बाजूला काही कळलंच नसल्यासारखी. इतकी वर्षं पाठीकडे बघण्यात गेली, आणि समोर हे चाललं होतं. तिने काठ्या टाकल्या, ड्रम ओलांडून गेली आणि त्याचा उजवा हात धरला. हात धरलेला त्याला समजला नाही. लांबवर, आवाजाच्या टेबलापाशी मामाने त्याला येत असलेलं दुसरं बटण दाबलं, आणि मैदानावरचा सगळा आवाज बंद झाला.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, चिडके नव्हते, पण दमलेले होते. डोक्यात गाठ होती, डाव्या बाजूला. बरेच महिने वाढत असावी. "पाय ओढणं, हातातून वस्तू पडणं, शब्द गळणं," त्यांनी विचारलं, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मामाने खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला. लंबू दाराशी उभा होता, कपाळावर नवा लाल डाग घेऊन. "आलं होतं," छोटी म्हणाली. "आम्ही सांभाळून घेत होतो." आधी आला असता तर हात वाचवता आला असता, एवढंच डॉक्टर म्हणाले, आणि तेही मामाने खोदून खोदून विचारलं म्हणून.

गाठ निघाली. जीव वाचला. उजवा हात मांडीवर पडून राहू लागला, आणि शब्द एकेक करून शोधावे लागत. तो शुद्धीवर आला. छोटी उशाशी बसायची, तेव्हा तो खिडकीकडे तोंड करायचा. एका दुपारी तिने पाण्याचा पेला पुढे केला, तर त्याने डाव्या हाताने तो बाजूला सारला आणि खूप कष्टाने म्हणाला, "एकटं... एकटं सोडलंस."

"हो," ती म्हणाली. तुझ्याच भल्यासाठी वगैरे तिने काही सांगितलं नाही. ते खरं होतं, पण तिनेच त्याला सोडलं होतं हेही खरं होतं. बाहेर जिन्यात जाऊन ती पोटभर रडली, आणि तिथे समजूत घालायला कुणी आलं नाही.

घरी आल्यावर बोलणं शिकवायला एक बाई येऊ लागल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना दम भरला. "त्याचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही. शब्द चुकला तर समजल्यासारखं करायचं नाही. चूक त्याच्या कानावर पडू दे. थांबा, वाट बघा." मामाला हे फार जड गेलं. दादाने चमचा मागायचा आणि तोंडातून 'कात्री' हा शब्द निघायचा, तेव्हा मामाचा हात आपोआप चमच्याकडे जायचा, आणि छोटी तो हात धरून ठेवायची. दादा तिच्याकडे रागाने बघायचा. मग शोधत राहायचा. कधी सापडायचं, कधी नाही.

हिवाळा संपत आला तेव्हा तो लाँड्रीत येऊन बसू लागला. काम काही नव्हतं, डाव्या हाताने रुमालांच्या घड्या करायचा, त्याही वाकड्या. छोटी त्या उलगडून परत त्याच्यापुढे ठेवायची. बँड बंदच होता. ड्रम मागच्या खोलीत चादरीखाली झाकलेले होते, आणि लंबू आता व्हॅन चालवत होता.

त्या दिवशी लंबू गठ्ठे आणून टाकत होता, मामा मशिनच्या पोटात डोकं घालून कुणालातरी शिव्या देत होता. इस्त्रीची वाफ काचेवर चढली होती. दादा तिच्याकडे बघत होता. बघता बघता तो गुणगुणायला लागला. आवाज खरखरीत, शब्द अर्धे, पण चाल ओळखू येत होती. लंबू हातातल्या गठ्ठ्यासकट थांबला. छोटीने इस्त्री उभी केली आणि दोन बोटांनी टेबलावर ताल धरला, अगदी हळू.

पहिलं कडवं त्याने पार केलं. आणि सरळ शेवटावर गेला.

लंबूचे ओठ सवयीने त्याच्याबरोबर हलले. छोटीची बोटं हलली नाहीत. म्हणजे हलली, पण दुसऱ्या कडव्यावर, सरळ, तशीच. ताल एकीकडे, गाणं दुसरीकडे. तिला दादाकडे बघायची हिंमत होईना. ती काचेकडे बघत वाजवत राहिली आणि तो आता उठून जाईल याची वाट बघत राहिली.

तो थांबला. बराच वेळ नुसती तिची बोटं वाजत होती. मामाने मशिनमधून डोकं बाहेर काढलं. दादाचे ओठ काहीतरी जुळवत होते, मोडत होते, पुन्हा जुळवत होते. कुणी मदत केली नाही.

"चुकलो," तो म्हणाला.

हा शब्द त्या बँडमध्ये आजवर कुणी उच्चारला नव्हता. लंबूने गठ्ठा खाली ठेवला आणि त्यावरच बसला. छोटीची बोटं थांबायला लागली, तर दादाने डावा हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला.

"थांबू नको," तो एकेक शब्द शोधत म्हणाला. "तू... सरळ ठेव. मी येतो."

तिने ताल सरळ ठेवला. तो एकदा आला आणि निसटला, पुन्हा आला आणि निसटला, आणि मग केव्हातरी, काचेवरून पाणी ओघळत असताना, ते हरवलेलं कडवं त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"वाफेवर नाव लिही, पुसायच्या आत वाच..."

छोटीला समोरचं काही दिसत नव्हतं. ती वाजवत राहिली.